गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत दातांचे उपचार: काय लगेच करावे, काय पुढे ढकलावे आणि कोणत्या क्रमाने

गरोदर स्त्रीची दाढ दुखू लागली की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर आता नऊ महिने दातांना हात लावायचा नाही असे ठरते आणि ठणका असह्य झाला की औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्यांची पट्टी आणली जाते. नाही तर ती दंतवैद्याकडे जाते, पण गरोदर असल्याचे सांगत नाही, कारण तीन महिने पूर्ण होण्याआधी ही बातमी बाहेर कळू द्यायची नाही असा घरचा रिवाज असतो. या दोन्ही वाटांनी आई आणि बाळ विनाकारण जोखमीत सापडतात. पहिल्या तीन महिन्यांत दंतवैद्याच्या खुर्चीपेक्षा न विचारता घेतलेली गोळी आणि वाढू दिलेला जंतुसंसर्ग यांची भीती अधिक बाळगायला हवी. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने पाळावेत. क्रम उलटा झाला की चुका होतात, आणि त्या नेमक्या कुठे होतात तेही प्रत्येक ठिकाणी सांगितले आहे.

टप्पा १: आधी आठवडे नीट मोजा

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, पाळी चुकल्याच्या दिवसापासून नव्हे. अनेकजणी पाळी चुकल्यापासून मोजतात, त्यामुळे हिशेबात साधारण चार आठवड्यांची तफावत पडते आणि दंतवैद्याला चुकीचा आकडा सांगितला जातो. सोनोग्राफी झाली असेल तर अहवालातील आठवडे धरावेत. पाळी अनियमित असलेल्यांसाठी तेच अधिक भरवशाचे असतात.

हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण साधारण पाचव्या ते दहाव्या आठवड्यादरम्यान बाळाचे हृदय, मेंदू, मज्जारज्जू, हातपाय आणि टाळू यांची घडण होत असते आणि या काळात औषधांची निवड सर्वांत काटेकोरपणे करावी लागते. चौदा आठवडे पूर्ण झाले की दुसरी तिमाही सुरू होते, मळमळ बहुधा ओसरते आणि पोटाचा भारही अजून वाढलेला नसतो. म्हणून थांबवता येण्याजोगे सर्व दंतोपचार १४ ते २० आठवड्यांच्या काळात करणे सर्वांत सोयीचे मानले जाते.

पहिल्या तिमाहीत उपचार टाळण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते समजून घेतल्यास मनातली भीती कमी होते. निश्चित झालेल्या गरोदरपणांपैकी साधारण १० ते २० टक्के गरोदरपणे आपोआप गळतात. त्यांतील बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच गळतात आणि निम्म्याहून अधिक वेळा गर्भातील गुणसूत्रांचा दोष हे कारण असते. नेमक्या त्याच आठवड्यात दात काढलेला असला तर दोष दातावर येतो आणि ती स्त्री वर्षानुवर्षे स्वतःला बोल लावत राहते. न टळणारा उपचार नसेल तर थांबावे, असे डॉक्टर सांगतात त्यात या गोष्टीचाही वाटा असतो.

*तपासा:* शेवटच्या पाळीची तारीख, आजचे आठवडे आणि चौदा आठवडे पूर्ण होण्याची तारीख अशा तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक निर्णय यांवर अवलंबून आहे.

टप्पा २: दुखणे कोणत्या गटात बसते ते ठरवा

*पहिला गट, आजच्या आज:* गालावर किंवा जबड्याखाली वाढत जाणारी सूज, ताप, तोंड पूर्ण न उघडणे, गिळताना त्रास, आवाज बदलणे किंवा श्वास घेताना अडथळा. दाढेतील जंतुसंसर्ग जिभेखालच्या आणि मानेच्या भागात उतरला तर श्वासमार्ग बंद पडू शकतो. गिळण्याचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर छोट्या दवाखान्यात वेळ न घालवता थेट स्त्रीरोग विभाग असलेले मोठे रुग्णालय गाठावे. मोठा मार बसून दात पडणे आणि न थांबणारा रक्तस्राव हेही याच गटात येतात.

*दुसरा गट, दोन-तीन दिवसांत:* रात्री झोप उडवणारा ठणका, गरम खाल्ल्यावर बराच वेळ टिकणारी कळ, हिरडीवर पू धरलेली पुळी, अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेभोवतीची सूज, किंवा तुटलेल्या दाताची धार जिभेला लागून होणारी जखम. या गटातील उपचार पहिल्या तिमाहीतही करावेत. चौदा आठवडे भरेपर्यंत वाट पाहण्याचा सल्ला इथे लागू होत नाही.

*तिसरा गट, चौदा आठवड्यांनंतर:* न दुखणारी कीड भरणे, हिरड्यांखालची खोल सफाई, तात्पुरते बंद केलेले रूट कॅनाल पूर्ण करणे, कॅप बसवणे.

*चौथा गट, बाळंतपणानंतर:* दात पांढरे करणे, इम्प्लांट, केवळ दिसण्यासाठीचे उपचार, न दुखणारी आडवी अक्कलदाढ काढण्याची शस्त्रक्रिया.

वरवरची साधी सफाई आणि दातांची तपासणी कोणत्याही आठवड्यात करता येते. हिरड्यांतून रक्त येत असेल तर ती करून घेणेच चांगले, कारण गरोदरपणातील संप्रेरकांमुळे साधारण दुसऱ्या महिन्यापासून हिरड्या सुजू लागतात आणि दातांवर कीटण साचलेले असेल तर ही सूज पुढे वाढत जाते.

*इशारा:* सर्वांत जास्त नुकसान दुसऱ्या गटातील दुखणे तिसऱ्या गटात ढकलल्याने होते. पू झालेली दाढ चार आठवड्यांत बरी होत नाही; ठणका थांबला तरी आतील नस मेलेली असू शकते आणि संसर्ग हाडात पसरत राहतो. शिवाय पहिल्या तिमाहीतील तीव्र ताप स्वतःच बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीला बाधक ठरू शकतो. उपचार न करणे म्हणजे धोका टाळणे, हा समज इथे पूर्ण चुकीचा ठरतो.

टप्पा ३: कागद आणि माहिती तयार करा, आणि दोन्ही डॉक्टरांना सांगा

दंतवैद्याची वेळ घेताना फोनवरच सांगावे: मी गरोदर आहे, इतके आठवडे झाले आहेत आणि हा त्रास आहे. स्वागतकक्षात सगळ्यांसमोर बोलणे अवघड वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावे. डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट गोपनीय असते, त्यामुळे घरचा रिवाज मोडल्यासारखे वाटायचे कारण नाही. सासूबाई किंवा आई सोबत येणार असतील आणि त्यांना अजून सांगितले नसेल, तर डॉक्टरांशी एकटीने बोलायचे आहे असे आधीच सांगून ठेवता येते. पाळी चुकली आहे पण चाचणी केलेली नाही, अशी स्थिती असेल तर तेही सांगावे.

सोबत न्यायच्या गोष्टी: माता व बाल संरक्षण कार्ड किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांची फाइल, सोनोग्राफीचा अहवाल, हिमोग्लोबिन, साखर व थायरॉइडचे अहवाल, आणि सध्या चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या. नावे पाठ करून सांगण्यापेक्षा पट्ट्याच न्याव्यात.

यांतील काही गोष्टींचा उपचाराशी थेट संबंध असतो. आधीचे गर्भपात, रक्तदाबाची जोखीम किंवा आयव्हीएफ यांमुळे अनेकींना कमी मात्रेची ॲस्पिरिन किंवा पोटावर घ्यायची हेपॅरिनची इंजेक्शने सुरू असतात; ही औषधे रक्त गोठणे लांबवतात, म्हणून दात काढण्याआधी दंतवैद्याला ती माहीत असायलाच हवीत. *ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.* डोस पुढेमागे करायचा का, हे स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतात. रक्तस्राव किंवा डाग दिसत असतील, विश्रांतीचा सल्ला दिला असेल, हृदयाच्या झडपेचा आजार असेल किंवा कोणत्याही औषधाची ॲलर्जी असेल तर ते आठवणीने सांगावे.

स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारताना 'दात काढला तर चालेल का?' असा मोघम प्रश्न विचारला की उत्तरही मोघम मिळते. दुखणे, सुचवलेला उपचार, भुलेचे औषध आणि द्यायच्या गोळ्या यांची दंतवैद्याने लिहिलेली चिठ्ठी दाखवावी आणि त्यावरच लेखी संमती किंवा बदल घ्यावा. मात्र पहिल्या गटातील तातडी असेल तर या चिठ्ठीसाठी थांबू नये. दोन्ही डॉक्टर फोनवर बोलू शकतात.

खर्चामुळे उपचार लांबत असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईतील नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे शासकीय दंत महाविद्यालय येथे अल्प दरात उपचार होतात.

टप्पा ४: वेळ मिळेपर्यंत घरी काय करावे

सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात, म्हणून इथे थोडे थांबून वाचावे.

वेदनेसाठी पहिली पसंती *पॅरासिटामॉलला*, आणि तीही दुसरे कोणतेही औषध न मिसळलेल्या गोळीला. साधारणपणे ५०० मिलिग्रॅमची गोळी किमान सहा तासांच्या अंतराने, शक्य तितके कमी दिवस आणि डॉक्टरांना विचारून घ्यावी. सर्दीतापाच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही एकत्र घेतल्यास नकळत मात्रा दुप्पट होते.

अडचण अशी की आपल्याकडे दुकानात 'दाढदुखीची गोळी' मागितली की बहुधा आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, केटोरोलॅक किंवा निमेसुलाइड असलेली गोळी हातात पडते आणि त्यातील काहींत पॅरासिटामॉलही मिसळलेले असते. पट्टीवर 'पॅरासिटामॉल' हा शब्द दिसला म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. त्याच्या जोडीला आणखी कोणते नाव आहे ते पाहावे. या गटातील औषधांमुळे सुरुवातीच्या काळात गर्भपाताची शक्यता वाढते का, यावर अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. वीस आठवड्यांनंतर मात्र बाळाच्या मूत्रपिंडांवर आणि गर्भजलावर होणाऱ्या परिणामांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये स्पष्ट इशारा दिलेला आहे. हाताशी पॅरासिटामॉल असताना ही जोखीम घेण्याचे कारण नाही. गरोदरपण कळण्याआधी अशी एखादी गोळी घेतली गेली असेल तर घाबरू नये. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगावे, इतके पुरे.

कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा दिवसातून चार-पाच वेळा भराव्यात. गालावर बाहेरून थंड पट्टी ठेवावी. पू असलेल्या जागी गरम पिशवीने शेकल्यास सूज वाढू शकते. लवंगेचे तेल वापरायचेच असेल तर कापसाच्या टोकाला एखादा थेंब घेऊन किडलेल्या खड्ड्यात अगदी थोडा वेळ ठेवावे आणि ते गिळू नये. ते हिरडीला चोळल्यास हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी दाढेवर दाबून धरल्यानेही तसेच होते.

*इशारा:* दाढेत तंबाखूची चिमूट धरणे आणि मशेरी लावणे आजच बंद करावे. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरड्यांतून निकोटिन सरळ रक्तात जाते. तंबाखूमुळे बाळाचे वजन कमी राहण्याचा, वेळेआधी प्रसूतीचा आणि मृत जन्माचा धोका वाढतो. मशेरीने दात बळकट होतात असे सांगणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांची माया खरी असते, पण ही गोष्ट ऐकू नये. एकदम सोडणे जमत नसेल तर आशाताईंशी किंवा डॉक्टरांशी बोलावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

उलट्या होत असतील तर उलटीनंतर लगेच ब्रश करू नये. पोटातील आम्लाने दातांचे कवच तेवढ्यापुरते मऊ झालेले असते आणि घासल्याने ते झिजते. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात आणि अर्ध्या तासाने मऊ ब्रश वापरावा. पेस्टच्या वासाने मळमळत असेल तर कमी फेसाची, सौम्य चवीची फ्लोराइड पेस्ट निवडावी. पोविडोन-आयोडीनच्या गुळण्या मात्र दिवसेंदिवस करू नयेत, कारण शोषले गेलेले आयोडीन बाळाच्या थायरॉइडवर परिणाम करू शकते. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश हा चालणारा पर्याय आहे.

टप्पा ५: खुर्चीत बसल्यावर

भेटीची वेळ मळमळ सर्वांत कमी असते त्या सुमारास घ्यावी. अनेकींच्या बाबतीत ती दुपारी असते. उपाशी जाऊ नये, तास-दीड तास आधी हलके काही खावे. सुरुवातीला रक्तदाब मोजण्याची विनंती करावी.

*एक्स-रे.* निदानासाठी खरोखर गरज असेल तर एका दाताचा छोटा एक्स-रे पहिल्या तिमाहीतही काढता येतो. दातांच्या एक्स-रेमुळे गर्भापर्यंत पोहोचणारे प्रारण, म्हणजे किरणांची मात्रा, ०.०१ मिलिग्रेहूनही (मिलिग्रे हे ती मोजण्याचे एकक) कमी असते, आणि ज्या मात्रेच्या खाली गर्भावर अपाय आढळलेला नाही ती मात्रा ५० मिलिग्रे आहे, म्हणजे किमान पाच हजार पट अधिक. शिशाचा ॲप्रन आणि गळ्याचे थायरॉइड कॉलर मागून घ्यावे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये आधुनिक यंत्रांसोबत त्यांची नेहमी गरज नसल्याचे म्हटले आहे, तरीही मनाच्या स्वस्थतेसाठी ते मागण्यात काहीच गैर नाही. केवळ नोंदीसाठी किंवा नेहमीची पद्धत म्हणून संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायचा असेल तर तो पुढे ढकलावा.

*इशारा:* गरोदर असल्याचे कळण्याआधी दातांचा एक्स-रे काढला गेला, म्हणून गर्भ पाडण्याचा विचार कोणीही करू नये आणि कोणाला सुचवू देऊ नये. वरील आकडे त्यासाठीच दिले आहेत.

*भूल.* दाताजवळ दिले जाणारे लिग्नोकेनचे इंजेक्शन गरोदरपणात सर्वाधिक वापरले जाते. आपल्याकडे ते बहुधा २ टक्क्यांचे, ८०,००० भागांत १ भाग ॲड्रिनलिन (रक्तवाहिन्या आकुंचित करणारे संप्रेरक) मिसळलेले असते. या अल्प ॲड्रिनलिनमुळे औषध जागीच टिकते आणि रक्तात हळूहळू मिसळते. सुई रक्तवाहिनीत नाही हे मागे ओढून पाहिले की दंतवैद्य ते सावकाश देतात. इस्रायलमधील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गरोदरपणात दंतवैद्याकडे भूल घेतलेल्या २१० स्त्रियांची तुलना न घेतलेल्या ७९४ जणींशी केली होती. निम्म्याहून अधिक जणींनी ती पहिल्या तिमाहीतच घेतली होती, तरी बाळांतील जन्मजात दोषांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. बाळासाठी म्हणून भूल न घेता वेदना सोसणाऱ्या स्त्रिया असतात. त्यांना आग्रहाने सांगावेसे वाटते की तसे करू नका. तीव्र वेदनेत शरीर स्वतःच त्या इंजेक्शनपेक्षा जास्त ॲड्रिनलिन सोडू शकते. लाफिंग गॅस आणि झोपेच्या गोळ्या मात्र या तिमाहीत टाळाव्यात.

*प्रत्यक्ष काम.* आज फक्त संसर्गाचे मूळ काढायचे, बाकीचे नंतर, हे सूत्र दंतवैद्यांशी बोलून ठरवावे. दाढ वाचण्यासारखी असेल तर ती उघडून आतील सडलेली नस काढायची, पू वाहू द्यायचा आणि वर तात्पुरते सिमेंट भरायचे. उरलेले रूट कॅनाल चौदा आठवड्यांनंतर. दाढ वाचणार नसेल तर ती काढणे हाच योग्य उपचार आहे आणि पहिल्या तिमाहीत तो करता येतो. अक्कलदाढेभोवती सूज असेल तर हिरडीखालची जागा धुऊन स्वच्छ करून बहुधा आजचे भागते.

चांदी भरू नये. तिच्यात पारा असतो. सिमेंट किंवा दातांच्या रंगाचे भरण मागावे. पण जुनी, घट्ट बसलेली चांदी भीतीपोटी उकरून काढू नये, कारण उकरताना पाऱ्याची वाफ अधिक निघते.

*तपासा:* मळमळ आली, चक्कर आल्यासारखे वाटले तर हात वर करायचा, अशी खूण आधीच ठरवून घ्या. खुर्ची पूर्ण आडवी न करता अर्धी कललेली ठेवल्यास उलटीची भावना कमी होते.

टप्पा ६: चिठ्ठी हातात आली की तिथेच वाचा

दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी प्रत्येक औषधाचे नाव विचारावे आणि 'गरोदरपण लक्षात घेऊन दिले आहे ना?' असे सरळ विचारावे. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

ॲमॉक्सिसिलिन आणि सेफॅलेक्सिन ही प्रतिजैविके, ॲलर्जी नसल्यास, सर्वसाधारणपणे चालतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर क्लिंडामायसिन हा पर्याय असतो. मेट्रोनिडॅझोल दातांच्या संसर्गात सर्रास दिले जाते. पहिल्या तिमाहीत ते स्त्रीरोगतज्ज्ञांच्या होकारानंतरच घ्यावे. डॉक्सिसायक्लिन आणि टेट्रासायक्लिनच्या गटातील औषधे घेऊ नयेत, कारण त्यांमुळे बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. ऑफ्लोक्सासिन व ऑर्निडॅझोल यांची जोडगोळी दुकानात सहज मिळते, तीही टाळावी.

*इशारा:* प्रतिजैविक हा दाढेच्या उपचाराला पर्याय नाही. 'आता पाच दिवस गोळ्या घ्या, बाकी बाळंतपणानंतर बघू' असा सल्ला मिळाला तर पू बाहेर काढता येईल का, असे विचारावे आणि गरज वाटल्यास दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्यावे. नुसत्या गोळ्यांनी दबलेला संसर्ग पुन्हा उसळतो आणि नऊ महिन्यांत तोच कोर्स अनेकदा घ्यावा लागतो.

टप्पा ७: घरी आल्यावर आणि पुढील तारीख

दात काढला असेल तर कापूस अर्धा तास दाबून धरावा, पहिल्या दिवशी जोरात चुळा भरू नयेत आणि मऊ, कोमट अन्न खावे. खळखळून उलटी झाली तर रक्ताची गुठळी सुटू शकते, म्हणून मळमळीचे औषध चालू असल्यास ते चुकवू नये. उलटी झालीच तर तोंडातून पाणी नुसते ओघळू द्यावे. फॉलिक ॲसिडची गोळी कोणत्याही कारणाने थांबवायची नाही.

दुसऱ्या दिवशी सूज वाढली, ताप आला, तोंड उघडेनासे झाले तर लगेच दंतवैद्याकडे जावे. ओटीपोटात कळा आल्या किंवा योनीमार्गे रक्त दिसले तर तेवढ्याच तातडीने स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. अशा वेळी दाढेमुळेच झाले असे घरात कोणी म्हटले तरी त्या चर्चेत वेळ घालवू नये. तपासणीत कारण कळेल आणि ते बहुधा दाढेशी संबंधित नसेल.

काय केले, कोणती भूल दिली, कोणती औषधे दिली याची नोंद दंतवैद्याकडून लिहून घेऊन प्रसूतिपूर्व तपासणीच्या फाइलमध्ये लावावी. तात्पुरते सिमेंट भरले असेल तर टप्पा १ मध्ये लिहून ठेवलेल्या चौदा आठवड्यांच्या तारखेनंतरच्या आठवड्यातील वेळ त्याच दिवशी नोंदवून यावी. ठणका थांबला की ही भेट हमखास राहून जाते, तात्पुरते भरण झिजून गळते आणि सातव्या-आठव्या महिन्यात, खुर्चीत पाठीवर झोपणेही अवघड झालेले असताना, तीच दाढ पुन्हा सुजते.